घोडे कुठे पेंड खाते?

मराठी भाषेने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांची यादी करायला बसले, तर पहिला नंबर जावयाचा लागेल आणि दुसरा घोड्याचा. मोठी चूक झाली की ती घोडचूक. लग्नाचे वय उलटून गेलेला मुलगा तो घोडनवरा. उशिरा सुचलेले शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडे. ग्रंथात नको तो मजकूर कोंबला की ती खोगीरभरती. आणि कचेरीत एखादे काम अडले की 'इथेच घोडे पेंड खाते' असे म्हणून सगळे मोकळे. वास्तविक काम अडवणारा इसम त्या वेळी खुर्चीत बसून बिस्किट खात असतो. पण बदनामी कुणाची, तर घोड्याची!

हे सारे मी साठ वर्षे ऐकले. ऐकले कशाला, मीही त्यात हातभार लावला. परंतु गेल्या मे महिन्यापासून घोड्याविरुद्ध एक शब्द मला खपेनासा झाला आहे. या प्रश्नावर आमच्या घरात उघड उघड दोन तट पडले आहेत. एका तटात आमची मुलगी, जावईबापू, जावईबापूंचे दोन मित्र आणि समोरच्या ब्लॉकमधले डॉक्टर. दुसऱ्या तटात मी, आमचा चौदा वर्षांचा नातू आणि बिजली. सौ. तटस्थ आहे, म्हणजे निकाल तीच देणार.

बिजली ही घोडी आहे. तिचा मुक्काम निमगाव सावा येथे असतो.

निमगाव म्हटले की लोक विचारतात, 'कुठले?' प्रश्न रास्त आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात निमगाव केतकी आहे, निमगाव म्हाळुंगी आहे, निमगाव भोगी आहे, खंडोबाचे निमगाव दावडी आहे. आमचे ते निमगाव सावा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचे. सौ.चे माहेर तिथले. त्यामुळे लग्नानंतरची पहिली दोनतीन वर्षे मी तिथे मानाने गेलो, आणि पुढची पस्तीस वर्षे सवयीने. मेहुण्यांची ऊसकांद्याची शेती आहे, चार संकरित गाई आहेत आणि बैलगाड्याचा नाद आहे. नादाला औषध नाही.

आता हा मुलूखच मुळी घोड्याच्या नावाने ओळखला जायचा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून वाहणारी नदी घोड. त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. खालच्या अंगाला शिरूर, त्याला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. शिवनेरी तर दारातच. 1657 साली शिवरायांनी जुन्नरची मोगली पेठ मारली, तेव्हा रोकडीबरोबर घोडेही नेले. कारण सोने घोड्यावर लादता येते, घोडा काही सोन्यावर लादता येत नाही. पुढे मराठ्यांच्या फौजा ज्या भीमथडीच्या तट्टांवर दौडल्या ती तट्टे याच भीमेच्या खोऱ्यातली. एवढे सगळे असून जुन्नर तालुक्यात समाधी कुणाची प्रसिद्ध आहे? तर आळे येथे रेड्याची. माउलींच्या रेड्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. त्याने वेद म्हटले. पण न बोलणाऱ्याला बोलते करण्याचे काम घोडीही करते, हे मला गेल्या मे महिन्यात कळले, आणि म्हणून हा लेखप्रपंच.

बिजली ही बैलगाड्यापुढची घोडी. ज्यांनी आमच्याकडचा गाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या बाजूची शर्यत घाटात होते. घाट म्हणजे डोंगरातला घाट नव्हे. चढाची मुद्दाम तयार केलेली धाव. गाड्याला चार बैल, आणि गाड्यात माणूस नाही. बैलांच्या पुढे घोडी धावते आणि तिच्यावर स्वार असतो. घोडी पुढे पळते म्हणून बैल मागे उधळतात. सेकंदांचा हिशेब असतो, भंडारा उधळलेला असतो, कर्ण्यावरून निवेदकाचा घसा फाटलेला असतो. बक्षीस गाड्याला मिळते, फेटा मालकाला मिळतो, फोटो बैलांचा निघतो. घोडी कडेला उभी राहून घाम निथळत असते. संसारात जी जागा गृहिणीची, ती घाटात घोडीची.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या साडेसात वर्षांत बैलांच्या बाजूने आणि बैलांच्या विरुद्ध इतके बोलले गेले, की बैलांनाही कंटाळा आला असेल. घोडीचे काय, हे विचारलेले माझ्या तरी कानी आले नाही. बिजली त्या काळात दावणीला उभी होती. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तिची उमेद उतरणीला लागली होती. दोनतीन हंगाम ती धावली आणि मग एका यात्रेत बैल तिच्या शेपटाला येऊन भिडले. तेव्हापासून ती निवृत्त. निवृत्तीच्या बाबतीत आमचे दोघांचे एकदम जमले. मीही बँकेतून निवृत्त झालो तो मागून येणारी तरुण पोरे शेपटाला भिडली म्हणूनच.

आता नातवाकडे येतो. पोरगा हुशार, पण बोलताना अडखळतो. पहिले अक्षर ओठांवर येऊन अडून बसते. तो प्रयत्न करतो, मान ताठ होते, आणि तेवढ्यात समोरचा दयाळू माणूस त्याचे वाक्य पुरे करून टाकतो. आमच्या घरात दयाळू माणसे फार. 'सावकाश बोल' असे त्याची आई म्हणते. 'पटकन बोल, घाबरतोस काय!' असे त्याचे वडील म्हणतात. दोघांचे ऐकायचे तर बोलूच नये, हा निष्कर्ष त्याने काढला आणि आठवीत असताना तो जवळजवळ गप्प झाला. मग त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गात घातले. तिथे टाय लावलेल्या गृहस्थांनी त्याला पंचवीस मुलांसमोर उभे करून 'आत्मविश्वास' या विषयावर तीन मिनिटे बोलायला सांगितले. त्या तीन मिनिटांत त्याच्याकडे होता नव्हता तेवढा आत्मविश्वास खर्ची पडला. फी परत मिळत नाही, असे पावतीवरच छापलेले होते.

मे महिन्यात आम्ही त्याला निमगाव सावाला नेले. जाताना जावईबापूंची नवी गाडी होती. ती शंभर अश्वशक्तीची आहे, हे त्यांनी मला भोसरीपासून चाकणपर्यंत समजावून सांगितले. चाकणला ते शंभर घोडे सव्वा तास एका जागी उभे होते. वॅटसाहेबांनी अश्वशक्तीचा हिशेब दिवसभर राबणाऱ्या घोड्यावरून मांडला. खरा घोडा क्षणभर जोर लावतो तेव्हा पंधरा अश्वशक्तीपर्यंत जातो, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. ही माहिती मी चाकणच्या चौकात जावईबापूंना दिली. ती त्यांना आवडली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यामागे गेलो तर कुणीतरी बोलत होते. सलग. 'काल रात्री लाइट गेली होती ना, तेव्हा तू झोपली होतीस का? घोडे उभ्याउभ्या झोपतात म्हणे. आमच्या बसमध्ये पण सगळे तसेच झोपतात.' आवाज नातवाचा होता. एकही अक्षर अडले नाही. समोर बिजली उभी होती आणि तिचा एक कान त्याच्याकडे वळलेला होता.

अडखळणारी माणसे जनावराशी किंवा एकटी असताना पुष्कळदा न अडखळता बोलतात, हे जाणकारांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते. मी भिंतीआड उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आले, की गेल्या दोन वर्षांत नातवाचे पुरे झालेले वाक्य मी ऐकलेलेच नाही. सगळी आम्हीच पुरी केली होती.

त्या दिवसापासून मेहुण्यांनी त्याला घोडीवर बसवायला सुरुवात केली. आधी आठ दिवस नुसता खरारा, पाणी, चंदी. मग नुसती पाठ. मग खोगीर, रिकीब, लगाम. महिन्याच्या अखेरीस पोरगा कदम चालीवर ताठ बसून बांधाबांधाने फिरू लागला. दुडकीवर मात्र पोत्यासारखा हादरायचा, पण हसायचा. ते हसणे मुलीने फोनवर चित्रात पाहिले आणि घरात युद्ध पेटले.

विरुद्ध पक्षाचा पहिला मुद्दा: 'पडला म्हणजे?' उत्तर: पडू शकतो. घोड्यावरून पडून हाडे मोडतात, जीवही जातो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच मेहुण्यांना सांगून मी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवले. पुण्यात स्कूटरवर हेल्मेट न घालण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या पिढीने मला घोडीच्या पाठीवरचे धोके सांगावेत, हे मात्र मजेदार आहे. शिवाय धोका ओळखणे हा घोडीकडून शिकण्याचा विषय आहे. एका संध्याकाळी उसाच्या कडेने येताना बिजली थांबली. कान पुढे, मान वर. नातवाला काहीतरी सांगायचे होते. पहिले अक्षर अडले. पण सगळ्यांची नजर घोडीच्या कानांवर होती, त्यामुळे त्याचे वाक्य पुरे करायला कुणाला सवड नव्हती. तो अडखळला, थांबला, आणि स्वतःच म्हणाला, 'मामाआजोबा, मागे फिरू.' आम्ही फिरलो. सकाळी तिथे बिबट्याचे ठसे होते. जुन्नरला उसात बिबट्या असणे ही बातमी नव्हे. नातवाने वाक्य पुरे करणे ही बातमी होती.

दुसरा मुद्दा: 'ही श्रीमंतांची थेरं.' हा मुद्दा जावईबापूंचा, आणि तो त्यांनी सांगितला शंभर घोड्यांच्या गाडीला रेलून. शहरात घोडेस्वारी महाग आहे हे मान्य. पण मराठेशाहीत ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा तो शिलेदार आणि ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. म्हणजे घोडा नसलेल्या माणसालाही स्वार होण्याची सोय होती. आज आमच्या मध्यमवर्गाने ती सोय एका दिवसापुरती उरवली आहे: लग्नाच्या वरातीत. कर्णकर्कश बाजा, फटाके, दिव्यांच्या माळा, आणि मधोमध बावरलेला घोडा व त्याहून बावरलेला नवरदेव. आयुष्यात एकदाच घोड्यावर बसायचे आणि तेही दोघांची तारांबळ उडवून! त्यापेक्षा खेड्यापाड्यांत हंगाम सोडून दावणीला उभ्या असलेल्या घोड्यांकडे आपल्या पोरांना सुट्टीत पाठवा. पैसा मालकाच्या घरी जाईल, चंदी घोड्याच्या तोबऱ्यात पडेल. ज्याच्या पाठीला जखमा आहेत, बरगड्या मोजता येतात, अशा घोड्यावर मात्र पोराला बसवू नका. जनावराचे हाल करून माणसाचे मन सुधारत नाही.

तिसरा मुद्दा डॉक्टरांचा: 'याला शास्त्रीय आधार काय?' आधार असा. घोडा कदम चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि किंचित वळत हलते. म्हणजे माणूस स्वतः चालताना हलते तशीच. त्यामुळे ज्या मुलांना नीट चालता येत नाही त्यांच्यासाठी घोड्याच्या चालीचा उपचारात उपयोग केला जातो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 साली पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. या बाईंनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे रौप्यपदक मिळवले, आणि तेही पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून. डॉक्टर म्हणाले, 'पण त्याने अडखळणं बरं होतं असं कुठं सिद्ध झालंय?' नाही झालेले. मीही तसे म्हणत नाही. नातू आजही अडखळतो. त्यासाठी वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंकडे तो जातो आणि जायलाच हवा. घोडी काय करते, ते मला स्वतः बसल्यावर कळले.

होय, अस्मादिक घोडीवर बसले. वय वर्षे चौसष्ट, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. मेहुण्यांनी दगडी ओट्याशी घोडी आणली, दोन गड्यांनी मला मागून ढकलले आणि मी मांड ठोकली. म्हणजे जे काही ठोकले गेले त्याला मांड म्हणायचे.

'दाजी, भिऊ नगा. लई गरीब हाये ती,' मेहुणे म्हणाले.

मी टाच मारली. घोडी हलली नाही. पुन्हा मारली. तिने एक कान मागे वळवला आणि जागच्या जागी पाय आपटले.

'आवं दाजी, टाच मारताय आन् लगामबी वढून धरताय! तिनं करायचं काय? एक कायतरी सांगा की!'

मी हातांकडे पाहिले. मुठी आवळलेल्या होत्या. भीतीने लगाम गच्च धरला होता आणि वर पायांनी 'चल, चल' म्हणत होतो. घोड्याच्या कातडीला बसलेली माशी कळते. माझे आखडलेले अंग तिला कळले नसेल तर नवल. एकदम मला आमचे जेवणाचे टेबल दिसले. एका बाजूने 'सावकाश बोल', दुसऱ्या बाजूने 'पटकन बोल', आणि मध्ये जागच्या जागी पाय आपटणारा नातू. बँकेत चौतीस वर्षे मी हाताखालच्या माणसांना असेच चालवले. मुलीला असेच वाढवले. 'मन मोकळं करून सांग' म्हणायचे आणि ती सांगू लागली की कपाळाला आठ्या घालायच्या. पण तेव्हा कुणी जागच्या जागी उभे राहून माझी चूक मला दाखवली नाही. माणसे आपल्याला सांभाळून घेतात. घोडी घेत नाही. तिला तुमचा हुद्दा माहीत नसतो, मार्क माहीत नसतात, तुम्ही कुणाचे सासरे हेही माहीत नसते. या क्षणी तुमचे हात आणि तुमचे मन एकच गोष्ट सांगताहेत का, एवढेच तिला कळते.

मी श्वास सोडला. मूठ सैल केली. बिजली चालू लागली.

वीस पावले असतील. पण त्या वीस पावलांत मला गुडघा आठवला नाही, पेन्शन आठवली नाही, जावईबापू आठवले नाहीत. पंढरीच्या वाटेवर रिंगणात माउलींचा घोडा धावतो. त्याच्या पाठीवर कुणी बसलेले दिसत नाही, तरी हजारो माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. ती का लावतात हे मला पूर्वी पुस्तकी कळले होते. त्या दिवशी कमरेतून कळले. दुसऱ्या दिवशी मात्र कमरेतून बाकीचेही बरेच काही कळले आणि मला चार दिवस पालथे झोपावे लागले. विरुद्ध पक्षाने या घटनेचे फार भांडवल केले.

चौथा मुद्दा शेवटचा आणि सर्वांत मोठा: 'करिअरला याचा काय उपयोग?' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते नाही याचा मला आनंद आहे. मुलाच्या हातून घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'पुढे उपयोग काय' ही टाच मारायची आणि 'पडशील' हा लगाम ओढून धरायचा, यालाच आपण संगोपन म्हणतो. एका चौदा वर्षांच्या मुलाला जगात असा एक जीव सापडला, की जो त्याचे वाक्य पुरे करत नाही. साडेतीनशे किलोचा तो जीव त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर वळतो. ओरडून नव्हे, नीट सांगून. आपले म्हणणे कुणालातरी कळते, हे ज्या मुलाला एकदा कळले, त्याला यापेक्षा अधिक उपयोग काय दाखवायचा?

इथवर वादात माझी सरशी होती. आणि दिवाळीत मेहुण्यांचा फोन आला. बिजली विकायची म्हणाले. धावत नाही, गाड्यापुढे चालत नाही, उभ्याने खाते. बेल्ह्याच्या एका व्यापाऱ्याने विचारले आहे. वरातीसाठी नेतील.

मी रात्रभर बसून हिशेब केला. चंदी, चारा, नालबंदी, जनावरांचे डॉक्टर. सकाळी तो कागद टेबलावर ठेवला. मुलगी म्हणाली, 'बाबा, या वयात घोडी पाळणार? लोक काय म्हणतील?' जावईबापू गाडीच्या किल्ल्या फिरवत राहिले. नातू उभा राहिला. पहिले अक्षर अडले. त्याच्या आईने तोंड उघडले, आणि तटस्थ असलेली सौ. तिच्या हातावर हात ठेवून एवढेच म्हणाली, 'थांब. त्याला बोलू दे.'

आम्ही सगळे थांबलो. किती सेकंद गेले कोण जाणे. घाटात गाडा एवढ्या वेळात पार झाला असता. मग तो म्हणाला, 'बिजलीला... वरातीचा... आवाज सहन होणार नाही.' वाक्य त्याचे होते. पुरेही त्यानेच केले.

सौ.ने लगेच भावाला फोन लावला. अशा रीतीने चौसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या खुर्चीवर आयुष्य काढलेला हा बारगीर शिलेदार झाला. विरुद्ध पक्षाने अजून शस्त्रे खाली ठेवलेली नाहीत. पण येत्या मे महिन्यात मुलगी स्वतः निमगाव सावाला येणार आहे. 'फक्त बघायला,' असे ती म्हणते.

परवा मेहुण्यांचा पुन्हा फोन होता. 'दाजी, तुमची घोडी दावं सोडवून गाईंच्या गव्हाणीत तोंड घालतीया. पेंड खातीया समदी!'

आता घोडे कुठे पेंड खाते, असे मला कुणी विचारावे. निमगाव सावाला खाते, आमच्या मेहुण्यांच्या गोठ्यात खाते, आणि बिल माझ्या नावावर येते. अडत मात्र कुठेच नाही.